आवाज नसलेल्या गाडीचा आजार

बरेच वीकएंड कोरडे गेले. ह्या शनिवारी मात्र धाराशिवला घरी आहे, आणि विषय अण्णांनीच दिला.

अण्णा एसटीत मेकॅनिक होते. गाडी डेपोच्या गेटातून आत येईपर्यंत नुसत्या आवाजावरून सांगायचे, नॉझल गेलंय की क्लचप्लेट. १ जून २०२२ ला पुणे–अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) मार्गावर विजेवरची पहिली 'शिवाई' सुटली. १९४८ साली एसटीची पहिली गाडीही ह्याच तारखेला, ह्याच रस्त्यावर धावली होती. पुढे अण्णा मुद्दाम तिच्यात बसून आले. म्हणाले, "गाडी ब्येस हाय. पण आवाजच न्हाई तर रोग कळायचा कसा?"

मी पोटासाठी जे बोर्ड टेस्ट करतो ते असल्याच गाड्यांच्या इन्व्हर्टरमधले. तरी धड उत्तर देता आलं नाही. म्हणून हा उद्योग.

सुरुवात मुंबईपासून. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची रेल्वे धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. मोटरवर सगळा दाब एकदम टाकायचा नाही म्हणून मध्ये रेझिस्टन्स, आणि वेग येईल तसे ते एकेक करून वगळायचे. तोवर तेवढी वीज सरळ उष्णता होऊन वाया. बहुतेक लोकल कित्येक दशकं अशाच चालल्या.

नव्वदच्या दशकात रेल्वेने एबीबीकडून थ्री-फेज इंजिनं घेतली, त्यांत जीटीओ नावाचे स्विच होते. चालू करायला सोपे. बंद करायचे तर मुख्य प्रवाहाच्या तिसऱ्या-पाचव्या हिश्शाएवढा उलटा प्रवाह गेटमधून ओढायचा, म्हणजे शेकडो अँपिअर! हे चिपचं काम नव्हेच. आयजीबीटीने चित्र बदललं (जीई कंपनीत १९८० च्या सुमारास त्यावर काम करणारे जयंत बालिगा आयआयटी मद्रासचे). गेटला १५ व्होल्ट दिले की चालू, काढले की बंद. २००७ पासून मुंबईत आलेल्या सीमेन्सच्या लोकल ह्याच्यावर चालतात, आणि ब्रेक मारताना वीज तारेत परत टाकतात.

आता त्या १५ व्होल्टची गोष्ट. इन्व्हर्टरमध्ये असे सहा स्विच. वरच्या तिघांचा पाया सारखा शून्य ते बॅटरीच्या काही शे व्होल्टपर्यंत उड्या मारतो. त्यामुळे त्यांना गाडीच्या २४ व्होल्टवरून, पण तिच्यापासून तोडलेली, वेगळी वीज द्यावी लागते. ती जर १०-११ व्होल्टवर घसरली तर आयजीबीटी अर्धवट उघडतो, तापतो आणि जळतो. म्हणून गेट ड्रायव्हर चिप आधी स्वतःचीच वीज मोजते. कमी असेल तर स्विच लावतच नाही. शिवाय चालू स्विचवरचा दाबही बघते. एरवी तो दोनेक व्होल्ट. शॉर्ट झालं की एकदम चढतो. मग चिप स्विच बंद करते, तेही हळूच, कारण झटक्यात तोडलं तर तारांमधल्या इंडक्टन्समुळे दाबाची उसळी येऊन तोच फुटेल. आणि हे "हळूच" म्हणजे सगळं मिळून दहाएक मायक्रोसेकंदांत, कारण आयजीबीटी शॉर्ट साधारण तेवढाच वेळ सोसतो.

फायनल इयरला मी नेमके ह्या भागातच पैसे वाचवले होते. वरचा-खालचा स्विच एकदम लागले, एकच धडाका. लॅबमध्ये दोन दिवस वास! तो बोर्ड अजून माळ्यावर आहे. असो.

अण्णांना म्हटलं, "आता चिपच ऐकते."

"आन् सांगती कुणाला?"

कंट्रोलरला. तो कोड साठवतो. वाचायला लॅपटॉप लागतो, आणि कंपनीचं सॉफ्टवेअर.

"म्हंजी डेपोतल्या पोराला न्हाई सांगत."

मी गप्प. मग त्यांनी माळ्यावरचा तो बोर्ड काढायला लावला. उजेडात धरून उलटापालटा केला, नखाने काजळी खरवडली आणि विचारलं, "आधी वरचा गेला का खालचा?"