मरुत्सखा आणि राली ब्रदर्स

बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईचं प्रवासी विमान सुरू झालं आणि अमरावतीत विमानांच्या गप्पांना ऊत आला. अशा गप्पांत शिवकर बापूजी तळपदे यांचं नाव निघाल्यावाचून राहत नाही. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेपासून कोजागिरीच्या बैठकीपर्यंत एकच हकिगत ऐकू येते. राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, १८९५ साली, तळपद्यांनी मुंबईच्या चौपाटीवरून वेदांच्या आधारे बनवलेलं 'मरुत्सखा' हे मानवरहित विमान पंधराशे फूट उंच नेलं. न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड हजर होते. 'केसरी'त बातमी आली. मग इंग्रजांनी सगळं दाबलं. २०१५ साली यावर हिंदी सिनेमा निघाला, त्याच वर्षी मुंबईच्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंधही वाचला गेला. तेव्हापासून शंका काढणारा घरभेदी ठरू लागला आहे.

पूर्वपक्ष अगदीच पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. परक्या राजवटीत आपल्या कर्तबगार माणसांची उपेक्षा झाली, हे खरंच आहे. पण उपेक्षा होत असे, म्हणून अमुक घटना घडलीच असली पाहिजे, हा कुठला न्याय?

चौपाटी म्हणजे मेळघाटातली दरी नव्हे. शेजारी मलबार हिल, तिच्या टोकाला खुद्द गव्हर्नरचा बंगला. पंधराशे फुटांवर गेलेली वस्तू अर्ध्या गिरगावाला गच्चीवरून दिसली असती. पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ रोजी, वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, तर त्या खेळाची वर्तमानपत्रातली जाहिरात आजही काढून दाखवता येते. पडद्यावरच्या सावल्यांची नोंद राहिली आणि आभाळातल्या यंत्राची राहिली नाही? इंग्रजी पत्रांनी बातमी दाबली म्हणावं, तर 'मुंबई समाचार'ने का दाबावी? आणि टिळक? 'ओरायन' लिहून वेदांचं प्राचीनत्व ज्योतिषाच्या आधारे मांडणारा हा माणूस. ते पुस्तक १८९३चं. दोनच वर्षांत वेदांतून विमान उडालं असतं, तर टिळकांनी एका बातमीवर भागवलं असतं होय? अग्रलेखांची रांग लागली असती. 'केसरी'चा हवाला सगळे देतात, १८९५चा अंक मात्र कुणी समोर ठेवत नाही.

कथेचं शेपूट वऱ्हाडी माणसाने तरी नीट ऐकावं. १९१६च्या सुमारास तळपदे वारले, नातेवाइकांनी यंत्राचे अवशेष राली ब्रदर्सला विकले आणि गुपित विलायतेला गेलं, असं सांगतात. राली! आपल्या कापूस बाजारातल्या जुन्या लोकांना हे नाव ठाऊक आहे. रुई, धान्य, तेलबिया घ्यायच्या आणि जहाजात भरायच्या, हा या पेढीचा धंदा. रुईच्या गाठी मोजणाऱ्यांनी विमान घेऊन काय केलं, हे कुणी सांगत नाही. बरं, घेतलं म्हणा. १९१६ साली युरोपच्या आभाळात विमानं एकमेकांवर मशीनगन झाडत होती. तेव्हा चोरण्यासारखं उरलं होतं काय?

या कथेला दिला जाणारा 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचा आधार तर मुळीच टिकत नाही. सुब्बराय शास्त्रींनी तो ग्रंथ सांगितला १९१८ ते १९२३ या काळात, म्हणजे तळपद्यांच्या निधनानंतर. १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या एच. एस. मुकुंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तपासला. ग्रंथ १९०४च्या आधीचा नाही आणि त्यात वर्णिलेली विमानं उडूच शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष. त्याच निबंधात तळपद्यांचाही उल्लेख येतो. शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी काही नमुने करून पाहिले, पण एकही उडवता आला नाही.

आता वादासाठी चौपाटीची गोष्ट जशीच्या तशी खरी धरू. तरीही राइट बंधूंचं श्रेय जात नाही. माणूस न बसलेली यंत्रं त्याआधीही उडाली होती. १८७१ साली पॅरिसमध्ये पेनो याचं रबराच्या पिळावर चालणारं छोटं विमान अकरा सेकंद उडालं होतं. अडलं होतं ते हवेत गेलेलं यंत्र ताब्यात ठेवण्यापाशी. १९०१ साली राइटांनी सायकलच्या दुकानात सहा फुटी लाकडी पेटी केली, एका टोकाला पंखा बसवला आणि आत पंखांचे सुमारे दोनशे छोटे नमुने एकेक करून तपासले. वाऱ्याचा जोर मोजणारे काटे सायकलचे स्पोक आणि करवतीची जुनी पाती वापरून बनवलेले. जर्मनीच्या लिलिएंथालची कोष्टकं त्यांनी अशी पडताळली. पंख पिळून तोल सावरायची युक्तीही त्यांचीच. १७ डिसेंबर १९०३ची पहिली झेप बारा सेकंदांची, १२० फुटांची. दिसायला केवढीशी! त्याच दिवशीची चौथी झेप ५९ सेकंद टिकली. तरी फ्रेंचांचा विश्वास बसला तो १९०८ साली डोळ्यांनी पाहिल्यावरच, आणि तो गोऱ्यांनी गोऱ्यांवर दाखवलेला अविश्वास होता.

तळपद्यांची थोरवी वेगळीच आहे. जे. जे. कलाशाळेत शिकवणारा, पदरी ना इंजिन ना कारखाना, असा माणूस दयानंदांची 'ऋग्वेदादिभाष्यभूमिका' वाचून यंत्र जुळवायला बसतो. फसतो. त्यात कमीपणा कसला? सरकारचे पन्नास हजार डॉलर हाताशी असलेला अमेरिकेचा लँग्लेही फसला. १९०३ साली त्याचं विमान दोनदा पोटोमॅक नदीत कोसळलं. पुढे स्मिथसोनियन संस्थेने पहिल्या विमानाचा मान त्यालाच देऊ केला. चिडून ऑरव्हिल राइटने १९२८ साली आपलं विमान लंडनच्या संग्रहालयात धाडून दिलं. १९४२ साली संस्थेने छापून चूक कबूल केली, तेव्हा कुठे ते परत येण्याची वाट मोकळी झाली. लँग्लेचं नाव मात्र कुणी पुसलं नाही. नासाचं सर्वांत जुनं संशोधन केंद्र आजही त्याच्याच नावाने ओळखलं जातं.