कागदावरची देवळे आणि मशिदी : पेडणे-डिचोलीच्या वाटेने

भारतीय देवळांच्या आणि मशिदींच्या जुन्या रेखाटनांचा अभ्यास बहुधा डॅनिएल काका-पुतण्यांच्या चित्रांपासून, राम राझ यांच्या १८३४ साली लंडनला छापलेल्या प्रबंधापासून, किंवा बर्जेस आणि कझिन्स यांच्या पुरातत्त्व सर्वेक्षणातल्या मोजमापी आराखड्यांपासून सुरू होतो. ती सुरुवात चांगलीच. पण इंग्रजांच्या त्या सर्वेक्षणाच्या वाट्याला पोर्तुगीज गोवा आला नाही. तेरेखोल नदी ओलांडून गोव्यात आले की साधने थोडी आणि विखुरलेली. म्हणूनच नव्या अभ्यासकाने इथे यावे, असे मला मनापासून वाटते. साधने कमी असली की प्रत्येक रेघ नीट वाचावी लागते.

पहिले साधन फसवे आहे. लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ पासून काही वर्षे गोव्यात आर्चबिशपच्या पदरी कारकून होता. १५९६ च्या त्याच्या ग्रंथात एका चित्रपत्रावर देऊळ आणि मशीद शेजारी शेजारी आहेत. देवळातली मूर्ती शिंगे असलेली, पोटावरही तोंड असलेली. अशी मूर्ती कुठल्या गर्भगृहात असणार? हा युरोपच्या कल्पनेतला सैतान आहे. हे चित्र देवळाबद्दल फार थोडे सांगते, पाहणाऱ्याबद्दल मात्र पुष्कळ. तरी ते टाकून देऊ नका.

पोर्तुगीज लेखक लोपिश मेंदिश यांचा १८८६ चा ग्रंथ वेगळ्या जातीचा. हा माणूस १८६२ ते १८७१ गोव्यात राहिला, नव्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगिजांनी मागाहून घेतलेल्या मुलखात, हिंडला, आणि देवळांकडे राहत्या गावाचा भाग म्हणून पाहू शकला.

नव्या काबिजादीचा उल्लेख इथे सहज आलेला नाही. डिचोली १७८१ साली आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगिजांकडे गेले. जुन्या काबिजादीत सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली तेव्हा हा मुलूख त्यांच्या हाताबाहेर होता. जुन्या काबिजादीतल्या दिवाडीचा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून डिचोलीतल्या नार्व्याला आला तो याच कारणाने. शिवाजी महाराजांनी १६६८ साली त्याचा जीर्णोद्धार केला. दारावरचा शिलालेख तसे सांगतो. या देवळाचा दर्शनी आराखडा समोर ठेवा. उतरती कौले, अष्टकोनी बैठकीवर बसवलेला घुमट, अंगणात दीपमाळ. आता फोंड्याच्या १५६० च्या साफा मशिदीचा आराखडा शेजारी ठेवा. तिथेही उतरते कौलारू छप्पर, तिथेही जांभा, लगत तळी. एकाच पावसाला दोघांनी दिलेले उत्तर कागदावर लगेच दिसते. एरवी देवळांचे एक पुस्तक आणि मशिदींचे दुसरे, अशा वाटणीत ते हरवते.

आराखडा सगळीकडे सारखा बोलत नाही, हेही शिकावे लागते. डिचोलीच्या नमाजगाहला छप्परच नाही. तिथे तळाच्या नकाशापेक्षा भिंतीचे समोरून काढलेले चित्र मोलाचे. पेडण्याच्या भगवतीच्या देवळात प्रवेशापाशी उभे असलेले दोन पूर्णाकृती हत्ती नकाशावर नुसते दोन ठोकळे होतात. त्यांची उंची दाखवायला छेदच काढावा लागतो.

आणि शेवटी देवळांच्या भिंतींवरची कावी कला. पांढऱ्या चुन्यावर तांबड्या मातीचा थर द्यायचा, तो ओला असतानाच टोकदार हत्याराने कोरून खालचा पांढरा रंग उघडा करायचा. कारागिराने वास्तूच्या अंगावरच काढलेले हे रेखाटन आहे, आणि ते ग्रंथालयात जपता येत नाही. भिंतीवर ऑइल पेंटचा एक हात बसला की संपले. तेव्हा पुस्तके वाचण्याआधी टेप, ग्राफचा कागद आणि पेन्सिल घ्या, गावच्या महाजनांची परवानगी मागा, आणि पुढच्या डागडुजीआधी त्या भिंती उतरवून घ्या.