पंक्तीला घेणे

‘त्याला जातीत परत घेतले’ हे वाक्य मराठी घरांत पिढ्यानपिढ्या बोलले गेले आहे. त्यात घेणारा कोण, हे सहसा सांगितलेले नसते. अठराव्या शतकातील मराठी कागद पाहिले तर त्याचे उत्तर मिळते. राजाने हुकूम दिला, ब्राह्मणांनी प्रायश्चित्त सांगितले, तरी तेवढ्याने माणूस परत आलेला नसे. भाऊबंद त्याच्या पानाशेजारी आपले पान मांडून बसत, त्याच्या मुलीला सून म्हणून मागत, तेव्हा तो परत येई. मराठी सत्तेला हे पक्के ठाऊक होते. म्हणूनच जातीत परत घेण्याच्या प्रकरणांत तिचे खरे काम त्या एका माणसाला काही देण्याचे नव्हते, त्याच्या गोताला बांधून घेण्याचे होते.

सर्वांना माहीत असलेले उदाहरण नेताजी पालकरांचे. औरंगजेबाच्या कैदेत त्यांचे धर्मांतर झाले, महंमद कुलीखान या नावाने ते उत्तरेत चाकरीला गेले आणि १६७६ साली प्रायश्चित्त घेऊन शुद्ध झाले. जेधे शकावलीत याची नोंद आहे, पण ती ओळभराची. आपण मात्र तिच्यावर फार मोठी इमारत उभारतो. छत्रपतींनी मनात आणले आणि रूढी मोडली, असे म्हणतो. छत्रपतींचे मन मोठे होते यात शंका नाही. पण नेताजींच्या पंक्तीला त्या दिवशी कोण बसले, पुढे त्यांच्या घरी सोयरिकी कशा झाल्या, याबद्दल ती ओळ काही बोलत नाही. फलटणच्या बजाजी निंबाळकरांच्या बाबतीत परंपरेने हा दुवा जपला आहे. बजाजी विजापूरच्या दरबारात बाटले, त्यांना परत घेतले गेले आणि शिवाजी महाराजांची कन्या सखुबाई त्यांच्या मुलाला, महादजीला दिली गेली, असे परंपरा सांगते. धर्मांतराच्या आणि शुद्धीच्या तपशिलांवर अभ्यासकांचे एकमत नाही, विवाहाबद्दल मात्र वाद नाही. परंपरेने शुद्धीचा पुरावा म्हणून नेमकी सोयरीक सांगावी, याला मी महत्त्व देतो. सांगणाऱ्यांच्या आणि ऐकणाऱ्यांच्या लेखी खरी कसोटी तीच होती.

छत्रपती संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत हरसूलच्या गंगाधर रंगनाथ कुलकर्ण्याला परत घेतले गेले, त्याला लेखी शुद्धिपत्र मिळाले. कागद लागतो कशाला? प्रायश्चित्ताने पाप फिटते, अशी श्रद्धा असेल तर ते देव आणि माणूस यांच्यातच मिटायला हवे. कागद शेजाऱ्यांना दाखवण्यासाठी असतो. उद्या कोणी पंक्तीतून उठू लागला तर त्याच्यापुढे धरण्यासाठी असतो. पुढच्या शतकातील प्रकरणांत ही गोष्ट आणखी उघड होते. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली पेशव्यांच्या रोजनिशींवर निबंध वाचला, त्यात अशी काही प्रकरणे दिली आहेत. पुताजी बंडगर मोगलांच्या हाती सापडला, जबरदस्तीने बाटवला गेला आणि वर्षभराने बाळाजी विश्वनाथांच्या दिल्लीच्या मोहिमेतील फौजेला येऊन मिळाला. त्याला परत घ्यायला शाहू महाराजांनी मंजुरी दिली, ती भाऊबंदांच्या संमतीने. हैदर अलीच्या कैदेत राहिलेल्या एका रास्ते आडनावाच्या कोकणस्थावर मुसलमानी राहणी पत्करल्याचा संशय होता. त्याच्याही बाबतीत ब्राह्मणांची संमती आणि सरकारची मान्यता अशा दोन्ही गोष्टी नोंदल्या आहेत. पुणतांबे आणि पैठण येथील दोन ब्राह्मण गोसावी झाले होते, एक फसवणुकीने आणि दुसरा रोग बरा होईल या आशेने. पश्चात्ताप झाल्यावर त्यांनाही घेतले गेले. माणसे, ठिकाणे, कारणे सगळी वेगळी, पण मंजुरी आणि संमती यांची जोडी मात्र पुन्हा पुन्हा भेटते.

यावर कोणी म्हणेल, संमती हा केवळ उपचार असेल, सरकारच्या मर्जीपुढे गोत काय करणार? जपानी अभ्यासक हिरोशी फुकाझावा यांनी मराठी राज्यात सरकार जातिव्यवस्थेच्या कारभारात किती खोलवर शिरले होते, हे साधार दाखवले आहे. त्यांचे म्हणणे मला पटते, पण त्यातून वेगळा निष्कर्ष निघतो. सरकारला एवढे खोल शिरावे लागले, कारण गोत हुकमाने आपोआप हलत नव्हते. दंड, ताकीद, पुन्हा पत्र हा सारा खटाटोप न जेवणाऱ्या शेजाऱ्यासाठी होता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो टाळता येणार नाही. ज्या सत्तेने पुताजीला परत घेतले, तिनेच अस्पृश्य ठरवलेल्यांना पंक्तीबाहेर ठेवणाऱ्या व्यवस्थेला बळ दिले. परत घेणे हे ज्याची मूळ जागा आत होती त्याच्यासाठीच होते. महार, मांग, चांभार यांची जागाच पंक्तीबाहेर ठरवलेली, मग त्यांना परत कुठे घेणार? म्हणून या कागदांना उदारमतवादाचे पुरावे म्हणून मिरवणे मला मान्य नाही. जी व्यवस्था बाहेर ढकलायची तिनेच आत घेण्याचा रस्ता आखला होता, आणि तो फक्त काहींसाठी.

इंग्रजी अमलात मंजुरी आणि संमती या जोडीतील मंजुरीचा हात गळला. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनने जातीच्या प्रश्नांत दिवाणी न्यायालयांचा हस्तक्षेप मर्यादित केला. १८५० च्या कायद्याने जात गेली तरी वारसाहक्क जाणार नाही, असे ठरवले. इस्टेट वाचली, पंक्ती मात्र गोताच्याच हाती उरली. त्याच सुमारास, १८४३ मध्ये, श्रीपत शेषाद्री या अल्पवयीन मुलाला मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने मिशनऱ्यांकडून वडिलांच्या ताब्यात दिले. कायद्याने मुलगा घरी आला. पण त्याला जातीत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांना कर्मठांचा मोठा विरोध सोसावा लागला. शाहू महाराजांसारखी मंजुरी देणारे आणि ती पाळायला लावणारे कोणी आता नव्हते.

पुण्यातील पंचहौद मिशनचे प्रकरण तर याहून बोलके आहे. १८९० साली मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल गावातील नामवंतांवर ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचे प्रकरण, आले आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी काशीला घेतलेल्या प्रायश्चित्ताचा दाखला पुढे केला. रानडे उच्च न्यायालयात न्यायाधीशपदावर जाण्याच्या उंबरठ्यावर होते, तरी १८९२ मध्ये त्यांनीही प्रायश्चित्त घेतले. सुधारकांना त्याचा राग आला, तो समजण्यासारखा आहे. पण त्या वेळी ब्रिटिश भारतातले कोणतेही न्यायालय या माणसांना शेजाऱ्याच्या पंक्तीत बसवू शकत नव्हते, हेही त्याबरोबर ध्यानात घ्यावे लागते.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कृत करण्यालाच बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो धर्मस्वातंत्र्याच्या आधारे रद्द ठरवला. २०१६ मध्ये महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तीचे संरक्षण करणारा कायदा केला. जातपंचायतींनी वाळीत टाकलेली कुटुंबे त्याच्या आधारे आज पोलिसांत तक्रार करू शकतात. या कायद्यात रोख बदलला आहे. जुना कागद बाहेर गेलेल्याला आत घ्या म्हणून गोताला सांगे, नवा कायदा बाहेर काढणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवतो. पंक्तीला न बसणाऱ्या शेजाऱ्याला हाताला धरून बसवण्याची ताकद मात्र या कायद्याकडे नाही, आणि ती शाहू महाराजांच्या मंजुरीकडेही एकटीने नव्हती.