एका मनोऱ्याची थकबाकी

बँकेतल्या माणसाने देवळे पाहायला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला देवाआधी दानपेटी दिसते. आम्ही राजूरचे, म्हणजे गणपतीच्या गावचे. अंगारकीच्या गर्दीत धक्के खात वाढलेलो. एलटीसीवर गोव्याला निघालो तेव्हा आईलाही बरोबर घेतले. वडील जाऊन वर्ष होत आले होते आणि तिने उंबरा ओलांडणे जवळजवळ सोडले होते.

जुन्या गोव्यात ‘से कॅथीड्रल’पुढे उभे राहिलो. ‘से’ म्हणजे बिशपची गादी. आमच्या भाषेत हेड ऑफिस. बाकीची चर्चेस म्हणजे शाखा. अल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवा घेतले. तो सेंट कॅथरीनचा दिवस, म्हणून हे चर्च तिच्या नावाचे. आजच्या इमारतीचे काम १५६२ साली सुरू झाले, मुख्य बांधकाम १६१९ साली उरकले आणि अभिषेक झाला १६४० साली. अठ्ठ्याहत्तर वर्षे! घरबांधणी कर्जाला एवढी मुदतवाढ मागणारा अर्ज आमच्या साहेबांच्या टेबलावर गेला असता, तर साहेबच रजेवर गेले असते.

बांधकाम जांभ्या दगडाचे, वर चुन्याचा पांढरा गिलावा. बाहेरून टस्कन पद्धतीचा साधेपणा, आत कोरिंथियन थाट. समोर सोनेरी वेदी, तिच्यावर कॅथरीनची कथा कोरलेली. लांबी सुमारे २५० फूट. आमची अख्खी आळी पंगतीला बसेल!

पण माझे घोडे अडले ते बाहेरच. डावीकडे मनोरा, उजवीकडे काहीच नाही! दुसरा मनोरा १७७६ साली कोसळला, तो पुन्हा बांधलाच नाही. दहा पैशांचा फरक सापडेपर्यंत आम्हांला घरी जाता येत नाही, आणि इथे अडीचशे वर्षांची थकबाकी राजरोस उभी! उरलेल्या मनोऱ्यात ‘सोन्याची घंटा’ आहे. नाव तिच्या गोड नादामुळे पडले. तारण ठेवून कर्ज मिळायचे नाही.

हे सगळे मी आईला हिशेबासकट समजावले. ती बराच वेळ वर पाहत राहिली. मग म्हणाली, “जोडीदार पडला, तरी घंटा यानं सांभाळली म्हण की.”

मी गप्प झालो.

गावी परतल्यावर पहिल्याच चतुर्थीला आई देवळात निघाली. मी म्हटले, “थांब, मी येतो सोबत.”

“नको रे,” चप्पल घालता घालता ती म्हणाली, “तू बस मनोरे मोजत.”