ऑगस्टिनचे गुरुऋण

इसवी सन ३८४ मध्ये ऑगस्टिन मिलान नगरीत आला, तो वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक म्हणून. बिशप अँब्रोझ यांची प्रवचने तो ऐके ती केवळ वाणी पारखण्यासाठी. विषयाची त्याला मातब्बरी नव्हती. परंतु शब्दांच्या पाठोपाठ अर्थही अंतःकरणात शिरला. अँब्रोझनी त्याला पित्याच्या मायेने जवळ केले. संवाद मात्र फारसा घडला नाही. त्यांच्या दाराशी कोणालाही मज्जाव नसे. ऑगस्टिन आत जाई, तो ते ओठ न हलविता वाचनात गढलेले असत. बराच वेळ निमूट बसून तो परत फिरे. आपल्याकडे गुरू म्हटला की प्रश्नोत्तरे आलीच. येथे शिष्याच्या शंका मनातच राहिल्या, आणि तरीही ऋण जन्मभराचे!

३८७ च्या ईस्टरला अँब्रोझनीच त्याला बाप्तिस्मा दिला. पुढे तो आफ्रिकेस परतला. ३९७ मध्ये अँब्रोझ निवर्तले. त्यानंतर सुमारे चोवीस वर्षांनी, हिप्पोचा वृद्ध बिशप ऑगस्टिन ज्युलियनशी वाद घालताना अँब्रोझांची साक्ष काढतो आणि ख्रिस्तात आपणास जन्म देणारा पिता असा त्यांचा निर्देश करतो. अँब्रोझांचे चरित्र त्यांचे लेखनिक पाउलिनस यांनी लिहिले, तेही ऑगस्टिनच्याच सांगण्यावरून.