अर्थमितीचा पहिला धडा



विश्वविद्यालयांत अर्थशास्त्र शिकूं लागलेल्या विद्यार्थ्याला लवकरच 'अर्थमिति' या विषयाची ओळख करून देण्यांत येते. अर्थशास्त्राचे सिद्धांत प्रत्यक्ष आंकड्यांच्या कसोटीवर घासून पाहणारें हें शास्त्र. नॉर्वेचे राग्नार फ्रिश यांनीं १९२६ सालीं या शास्त्राचें नांव रूढ करण्यास आरंभ केला, आणि २९ डिसेंबर १९३० रोजीं अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरीं त्याची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली.

प्रथमदर्शनीं विषय सोपा वाटतो. आलेखाच्या कागदावर आंकड्यांचे ठिपके मांडावे, त्यांच्या मधून जास्तींत जास्त जवळून जाणारी सरळ रेषा गणितानें काढावी, आणि तिचा चढ किंवा उतार वाचावा. हीच रिग्रेशनची रेषा. आतां तर हें सारें गणित यंत्र निमिषांत करून देतें. मग शिकावयाचें उरलें काय? उरतो एकच प्रश्न, पण तो फार मोठा आहे: काढलेली रेषा कशाची आहे? हा प्रश्न प्रथम कसा उद्भवला आणि त्याचें उत्तर कोणीं दिलें, तो इतिहास आज सांगावयाचा आहे.

१९१४ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विश्वविद्यालयांतील प्राध्यापक हेन्री लडवेल मूर यांनीं व्यापारांतील तेजीमंदीच्या चक्रांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. भाव चढला कीं मागणी घटते, हा नियम अर्थशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकांत होता. पण किती चढला म्हणजे किती घटते, हें मोजण्याचा उद्योग फारच थोड्यांनीं केला होता. मूर यांनीं मका, गवत, ओट आणि बटाटे हीं चार पिकें घेतलीं, वर्षानुवर्षांचें उत्पन्न आणि भाव यांची सांगड घातली, आणि मागणीच्या रेषा काढल्या. चारहि रेषा नियमाप्रमाणें उतरत्या निघाल्या. नंतर त्यांनीं भट्टींतून निघणारें कच्चें लोखंड घेतलें. ही रेषा मात्र चढती निघाली! भाव जास्त त्या वेळीं खपहि जास्त. मूर डगमगले नाहींत. हा मागणीचा एक नवाच प्रकार आपल्याला सांपडला आहे, असें त्यांनीं जाहीर केलें.

गणितांत चूक नव्हती. चूक होती ती रेषेला दिलेल्या नांवांत. बाजारांतील प्रत्येक भाव हा दोन पक्षांच्या तडजोडीनें ठरतो. घेणाऱ्याची एक रेषा असते, विकणाऱ्याची दुसरी. त्या जेथें एकमेकींस छेदतात तेथें त्या वर्षाचा ठिपका पडतो. आपल्या हातीं येतात ते फक्त ठिपके. रेषा कोणालाच दिसत नाहींत. बटाटे खाणाऱ्यांची आवड वर्षावर्षाला फारशी बदलत नाहीं. पाऊसपाणी मात्र बदलतें आणि त्याबरोबर पीकहि. म्हणजे येथें विकणाऱ्याची रेषा मागेंपुढें सरकते, घेणाऱ्याची स्थिर राहते, आणि सारे ठिपके आपोआप घेणाऱ्याच्या रेषेवर पडतात. लोखंडाची स्थिति उलट. भट्ट्या त्याच, पण तेजी आली कीं कारखान्यांना आणि रेल्वेला लोखंड अधिक हवें, मंदी आली कीं कमी. येथें घेणाऱ्याची रेषा सरकते आणि ठिपके पडतात ते विकणाऱ्याच्या रेषेवर. मूर यांना जी नवी मागणी वाटली, ती वस्तुतः पुरवठ्याची जुनीच ओळखीची रेषा होती.

मूर यांचें श्रेय त्यामुळें कमी होत नाहीं. आंकड्यांशीं झुंजण्याचें धैर्य त्यांनीं दाखविलें म्हणूनच ही अडचण उजेडांत आली. मात्र पुढें १९२३ च्या ग्रंथांत त्यांनीं तेजीमंदीच्या आठ वर्षांच्या चक्राचा संबंध थेट शुक्र ग्रहाशीं जोडला. ग्रहांवर भार टाकण्याची चाल केवळ आपल्याच देशांत आहे असें नाहीं!

मूर यांच्या लोखंडाच्या रेषेवर नेमकें बोट ठेवणाऱ्यांत फिलिप ग्रीन राइट हे एक होते. १८६१ सालीं जन्मलेल्या या गृहस्थांनीं इलिनॉय संस्थानांतील गेल्सबर्ग गांवच्या लॉम्बार्ड कॉलेज या लहानशा विद्यालयांत पुष्कळ वर्षें गणित, अर्थशास्त्र, इंग्रजी लेखन असे नाना विषय शिकविले. घराच्या तळघरांत त्यांनीं छापखाना मांडला होता. पुढें विख्यात झालेले कवि कार्ल सँडबर्ग हे त्यांचे विद्यार्थी. त्यांचीं आरंभींचीं पुस्तकें याच छापखान्यांत छापलीं गेलीं. १९१५ सालीं मूर यांच्या ग्रंथाचें परीक्षण करतांना राइट यांनीं हा घोटाळा दाखवून दिला. १९२७ सालीं एल्मर वर्किंग यांनीं एका लेखांत तोच मुद्दा इतक्या स्वच्छपणें मांडला कीं, तो लेख आजहि विद्यार्थ्यांच्या वाचनांत येतो.

रोग कळला, पण औषध? तें १९२८ सालीं राइट यांनींच दिलें. त्या वेळीं ते वॉशिंग्टन येथील एका संशोधनसंस्थेंत प्राणिज आणि वनस्पतिज तेलांवरील आयात-जकातीचा अभ्यास करीत होते. जकात वाढविल्यास भाव किती चढेल, गृहिणीच्या खर्चांत किती भर पडेल आणि शेतकऱ्याच्या पदरांत किती पडेल, हें सांगण्यास दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात: भाव चढल्यावर गिऱ्हाईक हात किती आंखडतें, आणि शेतकरी पेरा किती वाढवितो. म्हणजे दोन्ही रेषा हव्यात, आणि त्याहि एकमेकींपासून वेगळ्या करून हव्यात. येथें नांवाची अदलाबदल झाली तर लोकांच्या खिशावर चुकीचा कर बसावयाचा.

त्या पुस्तकाच्या दुसऱ्या परिशिष्टांत राइट यांनीं युक्ति सांगितली ती अशी. जवसाची गोष्ट घ्या. जवसाचा एकरी उतारा हवामानाप्रमाणें कमीजास्त होतो. परंतु तेल घेणाऱ्याच्या गरजेशीं त्याचा संबंध नसतो. म्हणून भावांतील सगळे चढउतार न पाहतां, एकरी उतारा बदलल्यामुळें जेवढा भाव बदलला तेवढाच वेगळा काढावा आणि त्यासरसा खप किती बदलला तें पाहावें. ही झाली मागणीची रेषा. उलटपक्षीं सरकीसारख्या पर्यायी मालाचा भाव चढला तर गिऱ्हाईक जवसाकडे वळतें; पण त्यामुळें जवसाच्या शेतांत दाणा अधिक पिकत नाहीं. त्याच्या आधारें पुरवठ्याची रेषा मिळते. अशा बाहेरच्या कारणाला आज 'इन्स्ट्रुमेंट', म्हणजे साधन, असें म्हणतात.

एवढा मोठा शोध, पण तो तेलाच्या जकातीच्या पुस्तकांत शेवटीं दडून राहिला. १९३४ सालीं राइट निवर्तले. १९४३ आणि १९४४ सालीं नॉर्वेचे ट्रिग्व्हे हावेल्मो यांनीं, बाजारांतील समीकरणें एकाच वेळीं सोडवावीं लागतात, हें संभाव्यतेच्या शास्त्राच्या पायावर सिद्ध केलें; १९८९ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. 'साधन' ही कल्पनाहि चाळीसच्या दशकांत इतरांनीं नव्यानें शोधली. राइट यांचें परिशिष्ट कोणाच्या फारसें ध्यानांतहि नव्हतें.

पुढें तें आठवलें तेव्हां नवाच वाद निघाला. फिलिप यांचे चिरंजीव स्यूअल राइट हे थोर आनुवंशिकीतज्ज्ञ. कार्यकारणाचे मार्ग आंकड्यांनीं मोजण्याची पद्धति त्यांनीं १९२१ सालीं मांडली होती. मग हें परिशिष्ट खरोखर वडिलांचें कीं मुलाचें? २००३ सालीं जेम्स स्टॉक आणि फ्रान्सेस्को ट्रेबी यांनीं दोघांच्याहि लेखनांतील बारीकसारीक शब्दांची आणि वाक्यरचनेची मोजदाद केली. कौल निघाला तो वडिलांच्या बाजूनें. आंकड्यांनींच अखेर त्यांना न्याय दिला.

हीच युक्ति पुढें बाजाराबाहेरहि उपयोगी पडली. व्हिएतनामच्या युद्धकाळीं अमेरिकेंत तरुणांच्या जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढून सैन्यभरतीचा क्रम ठरवीत. चिठ्ठीला कोणाची हुशारी किंवा घराणें ठाऊक नसतें. १९९० सालीं जोशुआ अँग्रिस्ट यांनीं त्या चिठ्ठीलाच साधन करून, लष्करी नोकरीनें माणसाच्या पुढील मिळकतीचें काय झालें तें तपासलें. गोऱ्या सैनिकांची मिळकत ऐंशीच्या दशकाच्या आरंभीं सुमारें १५ टक्क्यांनीं कमी असल्याचें त्यांना आढळलें. २०२१ सालच्या नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्यांत ते एक आहेत.

मात्र एक गोष्ट विद्यार्थ्यानें विसरूं नये. साधन खरोखर बाहेरचें आहे कीं नाहीं, हें आंकडे पूर्णपणें सांगूं शकत नाहींत. जवसाचें तेल रंगांत पडतें. समजा, शेतकरीच आपलें कोठार रंगविण्यासाठीं तें विकत घेत असेल, तर अवर्षणाच्या सालीं त्याची मिळकत बुडेल आणि रंगकामहि राहील. मग उताऱ्याचा आणि मागणीचा संबंध नाहीं, असें म्हणतां येणार नाहीं. हें कळण्यास शेत, बाजार आणि माणसें यांची माहिती असावी लागते. रेषा यंत्र काढील. परंतु तिला नांव देण्यापूर्वीं, भाव बदलला तो कोणामुळें, हा प्रश्न विचारण्याची जबाबदारी माणसाचीच आहे. ज्या विद्यार्थ्याला हा प्रश्न विचारण्याची संवय जडली, त्यानें अर्थमितीचा पहिला धडा शिकला असें खुशाल समजावें.