तळटीप : ‘गाण्याची परवानगी’

१. लेखकाने येथे ‘गाण्याची परवानगी’ असा एकच शब्दप्रयोग केला असला, तरी चित्रपटात जुने गाणे वापरताना तीन स्वतंत्र हक्कांचा विचार करावा लागतो : शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतर ६० वर्षे संरक्षण मिळते. शब्दांना आणि चालीला मात्र त्यांच्या कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. म्हणून १९६० साली निघालेली तबकडी २०२० अखेर मुक्त झाली, तरी तिच्यातले शब्द ग. दि. माडगूळकरांचे (निधन १९७७) असतील, तर ते २०३७ अखेरपर्यंत, आणि चाल सुधीर फडके यांची (निधन २००२) असेल, तर ती २०६२ अखेरपर्यंत संरक्षित राहते. गाणे नव्या आवाजात गाऊन घेतले की परवानगी लागत नाही, असे यावर म्हटले जाते. पण त्याने केवळ ध्वनिमुद्रणाचा प्रश्न सुटतो, कवीचा आणि संगीतकाराचा नाही. काही सेकंदांचा वापर मोफत असतो, हा समजही निराधार आहे. कायद्यात सेकंदांची अशी कोणतीही मोजपट्टी नाही. तेव्हा ‘परवानगी’ हा शब्द वाचकाने येथे तिहेरी अर्थानेच वाचावा.

— संपादक